फॉलिंगवॉटर पाहायला जायचे आहे : तासाभराच्या फेरीत नेमके काय पाहावे?

करवीरवासी (प्रश्न)

नमस्कार. मी स्थापत्य अभियंता असून सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आहे. नोकरीची बहुतेक वर्षे कोल्हापूर, राधानगरी आणि गगनबावडा या पट्ट्यातल्या मोऱ्या, रस्ते आणि सरकारी इमारती बांधण्यात व त्याहून अधिक काळ त्यांची गळती थांबवण्यात गेली. मुलगी पिट्सबर्गला असते आणि यंदा दसरा झाल्यावर आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. तिथून अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांचे फॉलिंगवॉटर हे घर मोटारीने दीड तासावर असल्याचे तिने सांगितले आणि पदविकेच्या वर्षांपासून ज्या घराचे एकच एक छायाचित्र पुस्तकांत पाहत आलो ते प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा पुन्हा जागी झाली.

शंका अशा आहेत. पहिली, घर गाईडसोबतच पाहावे लागते आणि सर्वसाधारण फेरी तासाभराची असते असे समजते. आपल्याकडे वाडे आणि राजवाडे पाहताना दोरीच्या बाहेर उभे राहायचे, गाईडने पाठ केलेली सनावळी ऐकायची आणि पुढच्या दालनाकडे सरकायचे, असा अनुभव येतो. तिथेही तसेच असेल तर एवढा प्रवास करावा का? दुसरी, सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, तिला हे जमेल का? तिसरी शंका माझ्या धंद्याची आहे. या घराचे पुढे काढलेले सज्जे बऱ्याच इंचांनी झुकले होते आणि छतही गळत असे, हे वाचून आहे. ज्या कामावर आमच्या खात्यात चौकशी बसली असती त्याला जगाने डोक्यावर का घेतले, हे मला तिथे उभे राहून समजून घ्यायचे आहे. ज्यांनी घर पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

काळा पाषाण

काका, मी राजारामपुरीत वास्तुविशारद म्हणून काम करतो आणि शिक्षणासाठी तिकडे असताना हे घर पाहिले आहे. आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो. तिथे दालनाच्या दाराशी दोरी बांधलेली नसते. छोट्या गटाने गाईडबरोबर खोल्यांतून, गच्च्यांवरून चालत जायचे असते. वस्तूंना हात लावू देत नाहीत, एवढे बंधन आहे. मुख्य म्हणजे घर रिकामे नाही. मालकाचा मुलगा एडगर कॉफमन धाकटा याने 1963 साली घर आणि भोवतालचे जंगल वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या संस्थेला दिले आणि पुढच्याच वर्षी ते लोकांसाठी खुले झाले. त्यामुळे राइट यांनी त्या घरासाठीच आखलेले टेबल, बाक, कपाटे आणि कुटुंबाची पुस्तके-चित्रे जागच्या जागी आहेत. राइट यांची बरीच घरे पुढे विकली गेली, त्यांतले सामान पांगले. इथे तसे घडले नाही.

आता काय पाहावे ते. पुस्तकातले छायाचित्र ओढ्याच्या खालच्या अंगाने, वर पाहत घेतलेले असते आणि त्यामुळे हे धबधब्यासमोरचे घर आहे असा समज होतो. वस्तुस्थिती उलटी आहे. पिट्सबर्गमध्ये मोठे दुकान असलेल्या एडगर कॉफमन यांना सुट्टीतल्या घराच्या खिडकीतून धबधबा दिसावा एवढीच अपेक्षा होती. राइट यांनी घर धबधब्याच्याच डोक्यावर नेऊन ठेवले. म्हणजे घरात राहणाऱ्याला धबधबा दिसत नाही, त्याचा आवाज सतत कानावर पडत राहतो. तो आवाज खोलीगणिक कसा बदलतो याकडे फेरीभर लक्ष ठेवा. गाईड बोलत असतो तेव्हा हे सुटून जाते. मी तर दोन खोल्यांत गाईडचे बोलणे सोडून केवळ तेवढेच ऐकत उभा होतो.

दुसरी गोष्ट उंचीची. दार शोधावे लागते, कारण ते दगडी भिंतींच्या सांदीत दडवले आहे. आत शिरताना अंधार आणि अरुंदपणा जाणवतो आणि तिथून एकदम दिवाणखाना उघडतो. मात्र तिथेही छत उंच नाही. घरात काही ठिकाणी उंची साडेसहा फुटांच्याही आत आहे. आपल्याकडे दिवाणखाना म्हटला की छत जितके उंच तितका मालक मोठा, अशी समजूत आहे (आमच्या ग्राहकांची पहिली मागणी हीच असते). राइट यांनी छत खाली आणले, समोर सलग काचेची पट्टी ठेवली आणि नजरेला वर जाण्याची वाटच ठेवली नाही. ती झाडांत आणि ओढ्याकडे जाते. शयनगृहे लहान आहेत, बोळ तर एका माणसाचे आहेत, पण प्रत्येक खोलीला गच्ची आहे. घराच्या आतले क्षेत्र सुमारे 2885 चौरस फूट आणि गच्च्यांचे 2445 चौरस फूट आहे. हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की घर कोणत्या हेतूने आखले ते समजते.

तिसरी गोष्ट दगडाची, आणि ती तुम्ही माझ्याहून अधिक बारकाईने पाहाल. दगड त्याच जागेच्या खाणीतला वालुकाश्म आहे. बांधकामात पातळ थर आडवे बसवले असून मधले काही थर मुद्दाम बाहेर काढले आहेत. ओढ्याकाठच्या कड्याचे थर पाहा आणि लगेच भिंतीकडे पाहा. आपल्याकडच्या काळ्या दगडाला थर नसतात, त्यामुळे आपला गवंडी घडीव, चौकोनी चिऱ्याकडे वळतो. तिथला दगड थरांनी सुटतो, म्हणून भिंतही थरांची झाली. दिवाणखान्यात चुलाण्यासमोर मूळचा कातळ फोडून न काढता तसाच जमिनीतून वर येऊ दिला आहे. कॉफमन कुटुंब सहलीला येई तेव्हा याच खडकावर बसत असे. भोवतीच्या फरशीला मेणाचा हात दिलेला असल्यामुळे ती ओली असल्यासारखी चमकते आणि कातळाला मेण लावलेले नाही, त्यामुळे तो पाण्यातून डोके काढलेल्या कोरड्या खडकासारखा दिसतो.

तिथेच एक सरकते काचेचे झाकण आहे. ते उघडले की खाली ओढ्यापर्यंत पायऱ्या लोंबकळत गेलेल्या दिसतात. पायऱ्या पाण्याशी संपतात, पुढे कुठेही जात नाहीत. उन्हाळ्यात त्या वाटेने थंड हवा वर येते. काचा दगडाला जिथे भिडतात तिथे चौकट नाही, दगडात खाच घेऊन काच थेट त्यात बसवली आहे. आणि एका अभ्यासिकेत खिडकीला लागून असलेल्या लिहिण्याच्या टेबलाला पाव वर्तुळाची खाच आहे ती चुकवू नका. खिडकीची झडप आत उघडताना टेबलाला अडकत होती म्हणून टेबल कापले, खिडकी हलवली नाही. या माणसाचा स्वभाव एवढ्या एका खाचेत कळतो.

सळई आणि सिमेंट

पाषाण यांनी घर छान दाखवले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. मी इमारतींच्या संरचनेचे हिशोब करतो आणि या घरावरची दुरुस्ती आमच्या व्यवसायात उदाहरण म्हणून अभ्यासली जाते.

रचना 1935 ची, मुख्य घराचे बांधकाम 1936-37 चे आणि टेकडीवरच्या पाहुण्यांच्या घराचे 1939 चे. त्या काळी सिमेंट काँक्रीट घरबांधणीत नवखे होते आणि राइट यांनाही अशा लांब सज्ज्यांचा फारसा सराव नव्हता. दिवाणखान्याची लादी (स्लॅब) ओढ्यावर सुमारे 15 फूट पुढे निघते. या लादीची एक गोष्ट मला फार आवडते. आपण नेहमी लादी वर आणि बीम खाली ठेवतो. इथे सपाट लादी तळाला आहे आणि बीम तिच्यावर उभे आहेत, मग लाकडी पट्ट्या आणि त्यावर फरशी. खालून पाहणाऱ्याला सलग, गुळगुळीत पृष्ठभाग दिसावा हा हेतू होताच, पण सज्ज्यात दाब तळाला येतो आणि ताण माथ्याला, त्यामुळे रुंद लादी दाबाच्या बाजूला असणे हे गणितानेही योग्य आहे. हे पाहून राइट यांना गणिताचे वावडे होते, असे कोणी म्हणू नये.

चूक पुढे झाली. माथ्याच्या ताणासाठी दाखवलेल्या सळया कमी होत्या. कॉफमन यांनी पिट्सबर्गच्या सल्लागार अभियंत्यांकडून नकाशे तपासून घेतले आणि त्या अभियंत्यांनी राइट यांना न विचारता सळया जवळपास दुप्पट घालवल्या. राइट यांना कळले तेव्हा ते प्रचंड संतापले आणि जागेवरच्या आपल्या शिष्याला परत बोलावून घेण्यापर्यंत मजल गेली. पुढच्या तपासण्यांनी दाखवले की ते वाढीव लोखंडही पुरेसे नव्हते. त्यात सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंतचा तात्पुरता आधार, लावताना सज्ज्याला वरच्या बाजूला उठाव दिला गेला नाही. सेंटरिंग काढताच टोक पावणेदोन इंच खाली आले आणि त्यानंतर काँक्रीट वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहिले.

आणखी एक गोम होती. वरच्या मजल्यावरची, मुख्य शयनगृहापुढची गच्ची स्वतःच्या बळावर उभी नव्हती. तिचा भार दिवाणखान्याच्या खिडक्यांतल्या लोखंडी उभ्या पट्ट्यांमधून खालच्या सज्ज्यावर उतरत होता. दिसायला खिडकीची चौकट आणि कामाला खांब. म्हणजे एक सज्जा दोन सज्ज्यांचे ओझे वाहत होता.

शेवटी झुकाव 15 फुटांत सुमारे 7 इंचांपर्यंत पोहोचला. आपल्या आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकामध्ये एकूण झुकाव लांबीच्या अडीचशेव्या भागाहून अधिक नसावा असे आहे, म्हणजे या सज्ज्याला पाऊण इंचाची मुभा. करवीरवासी, चौकशी बसली असती हे आपले म्हणणे अगदी रास्त आहे. 1997 साली ओढ्यात लोखंडी टेकू उभारून सज्जा तात्पुरता धरावा लागला. मग संरचना अभियंता रॉबर्ट सिलमन यांच्या कार्यालयाने आखलेली दुरुस्ती 2002 मध्ये झाली. दिवाणखान्याच्या फरश्यांवर क्रमांक घालून त्या उचलल्या, बीमांच्या बाजूने उच्च ताकदीच्या पोलादी तारा घातल्या, जॅकने त्या ताणल्या आणि फरश्या पुन्हा होत्या तिथे बसवल्या. सज्जा सरळ करण्याचा आग्रह धरला नाही, वाकणे थांबवले. साठहून अधिक वर्षे एका आकारात मुरलेले काँक्रीट बळाने उचलले असते तर काचा आणि भिंती तडकल्या असत्या. त्यामुळे दुरुस्ती तुम्हाला कुठेही दिसणार नाही, पण गच्चीच्या कठड्याची कड टोकापर्यंत नजरेने धरलीत तर उतार अजूनही कळतो. गाईडला विचारा, ही माहिती तिथे लपवत नाहीत.

गळतीबद्दल एवढेच म्हणता येईल की सपाट छते, जागोजागी गच्च्या, दगड-काँक्रीट-काच यांचे असंख्य सांधे आणि खाली बारमाही ओढा, एवढे सगळे एकत्र आल्यावर घर गळाले नसते तरच नवल. मालक थट्टेने त्याला सात बादल्यांचे घर म्हणत, असे सांगतात. आपल्याकडे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून उतार काढतात, तसा जाड थर तिथल्या पातळ कडांना परवडला नसता.

शाहूपुरी तिसरी गल्ली

दोन्ही उत्तरे वाचली आणि माझी शंका अधिकच पक्की झाली. पुतळा घडवणारा चुकला तर पुतळा वाईट दिसतो, पण घर बांधणारा चुकला तर माणसे दगावतात. अंदाजाच्या कित्येक पट खर्च होऊन, पाहुण्यांच्या घरासह सारा खर्च 1,55,000 डॉलरपर्यंत गेला. तोही मंदीच्या काळात. राइट यांना काँक्रीटवर सोन्याचा वर्ख हवा होता आणि मालकाने नकार दिला, हेही मी वाचले आहे. ज्याच्या पदरी पैसा आणि पदरी अभियंते होते त्याचे घर टिकले. इचलकरंजीत किंवा उचगावात कोणी मध्यमवर्गीयाने असा सज्जा काढला असता तर त्याला दुसऱ्या पावसाळ्यात तो पाडावा लागला असता. मग या घराला थोर का म्हणावे?

काळा पाषाण

आपला आक्षेप खर्चाबाबत पूर्ण मान्य आहे आणि सोन्याच्या वर्खाची गोष्टही खरी आहे. सुदैवाने शेवटी दोनच रंग ठरले, काँक्रीटला फिकट गेरूसारखा पिवळा आणि लोखंडाला तांबडा. पण थोरपण सज्ज्याच्या लांबीत आहे असे मी मानत नाही. 1930 च्या दशकात युरोपात नव्या पद्धतीची पांढरी, गुळगुळीत, जमिनीपासून अलिप्त घरे होत होती. ती चपटी छते, त्या आडव्या पट्ट्या, ते काँक्रीट राइट यांनीही घेतले, परंतु ते एका विशिष्ट ओढ्याला, खडकाला आणि झाडांना असे बांधून टाकले की ते घर उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. वाटेवरच्या काँक्रीटच्या तुळयांनी एका झाडासाठी वळसा घेतला आहे, तो पाहा. तेव्हा राइट सदुसष्टीच्या पुढे होते, हाती काम थोडे होते आणि त्यांचा काळ संपला असे अनेकांनी धरले होते. 2019 मध्ये त्यांच्या आठ इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत हे घर आहे. ती यादी वाचून कोणी भारावून जावे असे नाही. पण ज्याला डोंगरउतारावर घर बांधायचे आहे, आणि आपल्याकडे पन्हाळ्यापासून आंबोलीपर्यंत आता सगळ्यांनाच ते बांधायचे आहे, त्याने आधी उतार जेसीबीने सपाट करायचा की उतारालाच पाया मानायचा, हा प्रश्न या घरापुढे उभे राहून स्वतःला विचारावा.

शाहूपुरी तिसरी गल्ली

जेसीबीचे म्हणणे पटले. खर्चाबाबतचे माझे मत तसेच आहे.

ओहायोतला मिरजकर

आई-वडिलांना घेऊन गेलो होतो, म्हणून व्यवहाराचे लिहितो. बस किंवा रेल्वे तिथवर जात नाही, मोटार लागते. तिकीट आधी ऑनलाइन काढूनच निघावे. ऐन पानगळीत, म्हणजे आपण जाणार त्याच दिवसांत, झाडे रंग बदलतात आणि फेऱ्या फार लवकर भरतात. आठवड्यातून एक दिवस घर बंद असते आणि हिवाळ्यात काही काळ पूर्ण बंद, त्यामुळे तारीख संकेतस्थळावर पाहूनच ठरवा. फोनला तिथे नीट रेंज मिळत नाही, तेव्हा तिकीट आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

वहिनींच्या गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे. स्वागतकेंद्रापासून घरापर्यंत जंगलातून उताराची वाट आहे. ज्यांना चालणे कठीण आहे त्यांच्यासाठी वाहनाची सोय असते, ती तिकीट काढतानाच विचारून घ्यावी. घरात मात्र दगडी जिने आहेत, अरुंद आहेत आणि एकूण पायऱ्या शंभराच्या आसपास होतात. माझी आई दिवाणखाना आणि त्याची गच्ची पाहून थांबली, वरचे मजले तिने सोडून दिले, आणि तिला त्याची रुखरुख लागली नाही. लहान मुले बरोबर असतील तर लक्षात ठेवा, सहा वर्षांखालच्या मुलांना सर्वसाधारण फेरीत घेत नाहीत. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत. पायांत रबरी तळाचे बूट असावेत, पानगळीत ओल्या पानांवरून पाय घसरतो.

तासाभराच्या फेरीऐवजी अधिक वेळाची, सखोल फेरीही असते. काका, आपल्याला सज्जे न्याहाळायचे असतील तर तीच घ्या आणि काकूंसाठी साधी फेरी किंवा केवळ परिसराचे तिकीट काढा.

करवीरवासी

सर्वांचे मनापासून आभार. बीम वर आणि लादी खाली, हे पुस्तकातल्या छायाचित्रावरून मला कधीच कळले नसते. मुलीला सखोल फेरीचे एक आणि साध्या फेरीची दोन तिकिटे काढायला सांगितले आहे. आता दोन उपप्रश्न. प्रसिद्ध छायाचित्राची जागा फेरीच्या आधी पाहावी की नंतर? आणि त्याच दिवशी आसपास राइट यांचे दुसरे काही पाहता येईल का, की एका दिवसात एकच घर बरे?

काळा पाषाण

जागा नंतर पाहा. ती ओढ्याच्या खालच्या बाजूला, घरापासून थोडी चालत गेल्यावर लागते. आधी गेलात तर पुस्तकातलेच चित्र पुन्हा पाहिल्यासारखे होते. नंतर गेलात की दिवाणखाना कुठला, पायऱ्या कुठे उतरतात, वरच्या गच्चीचा भार कोणत्या खिडकीतून खाली आला, हे सगळे बोट ठेवून दाखवता येते. काकूंना तिथपर्यंत न्यायचे असेल तर वाट कशी आहे ते स्वागतकेंद्रात विचारून मगच निघा.

दुसऱ्या घराबाबत, ओहायोपाइल गावाजवळ काही मैलांवर केंटक नॉब आहे. तेही राइट यांचेच, 1950 च्या दशकातले, आइस्क्रीमच्या व्यवसायातल्या हेगन दांपत्यासाठी बांधलेले. ते घरही गाईडसोबतच पाहता येते. आकाराने लहान, टेकडीच्या माथ्यापासून जरा खाली बसवलेले आणि षटकोनी मांडणीचे आहे. तिथे धबधबा नाही, सज्ज्यांची कसरत नाही, आणि माझ्या मते राहायला हेच घर अधिक सोयीचे आहे. सकाळी फॉलिंगवॉटर, मध्ये जेवण आणि दुपारी केंटक नॉब असे जमते, मात्र दोन्हींची वेळ ठरवताना मध्ये किमान दोन तास मोकळे ठेवा, कारण फेरी संपल्यावर आपण त्या ओढ्याकाठी कठड्याची कड मोजत बसणार, हे आपल्या प्रश्नावरूनच दिसते आहे.